पेरणीआधीचा पंचनामा

वऱ्हाडातला आणि वर्ध्याकडचा कास्तकार पावसाचा हिशेब नक्षत्रांनी मांडत आला आहे. मृग कोणत्या वाहनावर बसून येणार, इथपासून हस्ताचा पाऊस कापसाला भोवणार की हरभऱ्याला तारणार, इथपर्यंत त्याची आपली गणिते ठरलेली असतात. ही गणिते पूर्वीही चुकत. पण चुकून चुकून किती चुकतील, याचा अंदाज वाडवडिलांच्या अनुभवातून बांधता येत असे. आता नेमका तो अंदाजच हातचा सुटत चालला आहे. हवामानबदल हा जाडजूड शब्द गावाच्या पारावर पोचतो तो असा.

वर्धा जिल्ह्याचे उदाहरण घ्या. येथे वर्षाकाठी सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शेती बव्हंशी कोरडवाहू आणि पिके मुख्यतः कापूस, सोयाबीन, तूर. एवढा पाऊस या पिकांना कागदोपत्री पुरेसा आहे. पण सरासरी हा मोठा फसवा आकडा असतो. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने हिंगणघाट, समुद्रपूर भागात नदीनाल्यांचे पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरले. पुढच्याच वर्षीचा ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्याच हंगामात वर्ध्यासह विदर्भातले सोयाबीन पिवळ्या मोझॅक रोगाने शेंगा भरण्याआधीच पिवळे पडले. एका वर्षी पाण्याने गेले, दुसऱ्या वर्षी उघाडीने आणि रोगाने. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे विज्ञान सांगते. म्हणून पाऊस थांबतो तेव्हा लांब थांबतो आणि कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. काळ्या भारी जमिनीला तर दोन्ही जाचक. पाणी साचले की मुळे गुदमरतात, ओढ बसली की भेगा पडतात.

मग शासन काय करते आहे? केंद्राने ३० जून २००८ रोजी हवामानबदलासंबंधीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ अभियाने होती. पाठोपाठ राज्यांनीही आपापले आराखडे आखायला घेतले. महाराष्ट्राचा अनुकूलन आराखडा ‘टेरी’ या संस्थेने २०१४ मध्ये तयार करून दिला. अनुकूलन म्हणजे सोप्या भाषेत, पूर येणार हे ओळखून घराचे जोते आधीच उंच बांधणे. २०२० मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नावातच ‘वातावरणीय बदल’ हे शब्द जोडले गेले. कागद तयार झाले, नावेही बदलली. पण धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्यातले काय मिळाले?

या प्रश्नाचे बऱ्यापैकी ठोस उत्तर देऊ शकणारी एक योजना मात्र राज्यात आली. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सरकारी लोक ‘पोकरा’ म्हणतात. सुरुवातीला पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती आणि वर्धा हा त्यांपैकी एक जिल्हा. या प्रकल्पाची मूळ कल्पना मोलाची होती. गावात किती पाऊस पडतो, त्यातला किती वाहून जातो, किती मुरतो आणि पिकांना किती लागतो, याचा ताळेबंद गावानेच मांडायचा. त्यासाठीची पद्धत मुंबईच्या आयआयटीतील अभ्यासकांनी बसवून दिली. सरपंचाच्या नेतृत्वाखाली ग्राम कृषी संजीवनी समिती नेमायची आणि मग शेततळे कुठे, नालाबांध कुठे, रुंद वरंबा-सरीवर पेरणी कोणी करायची, हे ठरवायचे. वरंब्यावरच्या सोयाबीनचे जादा पाणी सरीतून निघून जाते आणि उघाडीत तीच सरी ओल धरून ठेवते. एका साध्या अवजाराने दोन्ही संकटांची धार बोथट होते.

हिशेबाची ही सवय का महत्त्वाची, ते पाहा. एका हेक्टरवर ६५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे साडेसहा लाख लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे पासष्ट टँकर! त्यातले पाच-दहा टँकर जरी वावरात अडले, तरी पुढच्या उघाडीत पराटी तग धरू शकते.

पण गंमत अशी, की याच ६५ मिलिमीटरची सरकारदरबारी दुसरी ओळख आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत एवढा पाऊस झाला, की ती अतिवृष्टी. मग पंचनामे होतात, पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर मदत मंजूर होते. दिवसेंदिवस चाललेल्या रिपरिपीने पीक सडले तर या व्याख्येत ते बसत नसे. २०२३ मध्ये राज्य सरकारने सततच्या पावसालाही आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला, हे चांगलेच झाले. त्याच वर्षी आलेला एक रुपयातला पीकविमा मात्र २०२५ च्या खरिपात बंद झाला. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला आणि भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आली. म्हणजे नुकसान मोजण्याचे नियम आपण पुनःपुन्हा दुरुस्त करतो. मोजायला तलाठी आहे, कृषी सहायक आहे, नमुने आहेत, मुदती आहेत. नुकसान टाळण्याच्या कामाला मात्र एवढी चोख यंत्रणा नाही. ते काम प्रकल्पाच्या मुदतीपुरते असते.

शिवाय, तयारीच्या योजनांतही एक मेख आहे. पोकरासारख्या योजनेत आधी पूर्वसंमती घ्यायची, पदरचे पैसे घालून काम करायचे, तपासणी झाली की अनुदान बँकेत जमा. व्यवहार स्वच्छ राहावा म्हणून ही पद्धत ठीक. पण ज्याच्याकडे ठिबकचा संच घ्यायला आधी रक्कमच नाही, त्याने काय करायचे? आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्या निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचे काय? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा मजुरीची वेळ, सावली आणि पिण्याचे पाणी हेसुद्धा हवामानाचेच नियोजन असते. शेतीच्या आराखड्यात त्याला क्वचितच जागा मिळते.

दुसरीकडे, मोठ्या स्वप्नांना पैशांची वाण पडत नाही. वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दहून वर्ध्यामार्गे बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत नेणाऱ्या, सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्याला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. खर्चाचा अंदाज ८८ हजार कोटींच्या घरात. कालवा झाला तर त्याचा उपयोग होईलच. पण तो होईपर्यंत किती खरीप उलटतील? आणि कालव्याच्या लाभक्षेत्राबाहेरच्या वावरांना तर आभाळाच्याच पाण्यावर राहायचे आहे.

हाच वर्धा जिल्हा एकेकाळी देशाला गावापासून नियोजन करायला शिकवत होता. मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गाच्या भांडवलाला हात न लावता जगण्याचे अर्थशास्त्र मांडले. सेवाग्रामच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंती आणि कौलारू छप्पर उन्हाळ्याला आपल्या परीने उत्तर देतात. त्या काळात परत जायचे नाही, पण गावाचा हिशेब गावाने मांडावा हा धडा जुना झालेला नाही.

तो आज अमलात कसा येईल? दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचला जावा, प्रकल्प असो वा नसो. जसा तलाठी नुकसानीला जबाबदार धरला जातो, तसा तयारीलाही कोणीतरी जबाबदार असावा. अल्पभूधारकाला अनुदानाचा काही भाग आगाऊ मिळावा. मंडळातील पर्जन्यमापकाचे आकडे मदतीपुरते न वापरता पेरणीच्या सल्ल्यासाठी गावाच्या फळ्यावर लागावेत. यातल्या कशालाच हजारो कोटी लागत नाहीत.

आभाळ कधी फाटेल, ते मंत्रालयाला ठरवता येत नाही. मात्र ते फाटेल तेव्हा शासन टेप घेऊन वावरात येणार की त्याआधी दोन महिने नांगरटीच्या वेळी येणार, हे ठरवता येते. पंचनामा टळत नसेल तर तो पेरणीआधी व्हावा, आपल्या तयारीचा!