मागच्या सीलवरचा आळ
(जुन्या गाडीचं दुखणंखुपणं : लेखांक १४)

टायमिंग बेल्टवर या आठवड्यात लिहीन असं म्हटलं होतं, पण तो लेख पुढे ढकलतो. गळती शोधायला पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा ठेवावा, हा माझा आधीचा लेख वाचून मिरजेच्या एका वाचक ताईंनी त्यांच्या १९९८ च्या मारुती ८०० खाली रात्रभर पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर रुपयाएवढा काळा डाग होता, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्याच्या बरोबर खाली. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, ‘मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ ताई विचारतात, उतरवू द्यावा का?

इतक्यात नको. आधी तपास करू.

मागचं सील म्हणजे क्रँकशाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकावरची रबरी कडी. ती स्वस्त असते, महाग पडतो तो तिच्यापर्यंतचा रस्ता. ड्राइव्हशाफ्ट काढा, गिअरबॉक्स उतरवा, क्लच सोडवा, फ्लायव्हील काढा, मग ती दिसते. एवढा खटाटोप करून नवं सील घातलं आणि तिसऱ्या दिवशी पुठ्ठा पुन्हा काळा झाला, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. सील निर्दोष होतं. तेल वरून येत होतं.

कौल फुटतं एकीकडे आणि पाणी टपकतं भलतीकडे, तसंच इंजिनातल्या तेलाचं. ते भिंतीवरून, बोल्टच्या डोक्यांवरून, कडेकडेने ओघळत सगळ्यांत खालची जागा गाठतं आणि तिथून थेंब सोडतं. गाडी पळत असताना वारा त्याला मागे रेटतो. म्हणून थेंब कुठे पडला यापेक्षा सगळ्यांत उंचावरची ओली जागा कोणती, हे महत्त्वाचं.

८०० मध्ये ही उंचावरची जागा बहुतेक वेळा कुठे असते, ते तिच्या रचनेतच आहे. ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं आहे. एका टोकाला टायमिंग बेल्ट, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, आणि कार्बोरेटरवाल्या गाडीत तिच्या गिअरबॉक्सकडच्या टोकावर डिस्ट्रिब्यूटर चालतो. म्हणजे डिस्ट्रिब्यूटर बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) थेट डोक्यावर. त्याच्या बुडाला एक ओ-रिंग असते आणि त्याचं घर हेडला जुळतं तिथे पॅकिंग असतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ओ-रिंग प्लॅस्टिकसारखी कडक होते, नखाने दाबली तरी दबत नाही. तिथून झिरपलेलं तेल हाउसिंगवर उतरतं, धूळ धरतं आणि खालून पाहणाऱ्याला हुबेहूब मागच्या सीलची गळती वाटतं.

खरं काय ते असं ओळखा. गार इंजिनावर डिस्ट्रिब्यूटर प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून घ्या आणि हेडचा तो कोपरा, हाउसिंगचा माथा, खालची बाजू ब्रशने रॉकेल लावून स्वच्छ करा. फडक्याने कोरडं पुसा, रॉकेल पूर्ण उडू द्या, पिशवी काढा. मग त्या भागावर साधी टाल्कम पावडर भुरभुरा, पंधरा-वीस किलोमीटर फिरून या आणि टॉर्चने वरून खाली पाहत जा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. हाउसिंगचा माथा ओला असेल तर दोष वरचा. माथा कोरडा ठणठणीत आणि हाउसिंगच्या बुडाशी असलेल्या भोकातूनच तेल येत असेल, तर मात्र ते आतून येतंय. तेव्हा थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. तो आला तर दोष गिअरबॉक्सच्या सीलचा. इंजिन ऑइलच असेल आणि जोडीला चढावर क्लच घसरत असेल, तरच मी मागच्या सीलला दोषी धरीन.

ओ-रिंग बदलायला डिस्ट्रिब्यूटर काढावा लागतो. काढण्यापूर्वी त्याच्या बुडावर आणि घरावर मिळून एक खूण ओढून घ्यायला मिस्त्रींना सांगा, आणि बसवल्यावर टायमिंग लाइटने तपासून घ्या. नुसतं बाहेरून सिलिकॉन थापून देऊ नका. पॅकिंगच्या जागी ते जास्त झालं तर आतल्या बाजूने तुकडे सुटतात आणि चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतल्या, जाळीत जाऊन अडकतात.

आता माझ्या आवडीचा मुद्दा, ज्याकडे गॅरेजात फार थोडे लोक पाहतात: ब्रीदर पाइप. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये निसटतो. त्याला वाट हवी. पूर्वीच्या मोटारींत एक उघडी नळी तो सरळ रस्त्यावर सोडायची. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने हा वायू परत इंजिनात नेऊन जाळण्याची व्यवस्था सक्तीची ठरवली. तुमच्या ८०० मध्ये टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरकडे जाणारा रबरी पाइप हेच काम करतो. तो काळ्या गाळाने तुंबला की आत दाब साठतो आणि जिथे रबर कमजोर तिथून तेल बाहेर ढकललं जातं. एक जागा बंद केली की दुसरी गळू लागते. वर्षभरात तीन सीलं बदललेल्या गाडीचा हा पाइप काढून त्यातून फुंकर मारून पाहावी. बऱ्याचदा ती पलीकडे पोचतच नाही.

इंजिन संथ चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडा आणि तोंडावर पातळ कागद धरा. कागद किंचित आत ओढला गेला किंवा जागेवर राहिला तर ठीक. सतत वर उचलला जात असेल तर आधी पाइप साफ करा, सील नंतर. पाइप साफ असूनही कागद उडत राहिला आणि एअर क्लीनरच्या डब्यात तेल साचलेलं दिसलं, तर रिंगा झिजल्या आहेत. तिथे कोणतंही सील फार दिवस टिकायचं नाही.

तेव्हा ताई, या क्रमाने जा: ब्रीदर, पावडर, ओ-रिंग. काय निघालं ते जरूर कळवा.

टायमिंग बेल्ट पुढच्या रविवारी. पण पावडर लावताना कुणाला बेल्टच्या बाजूला तेल दिसलं, तर माझ्या लेखासाठी थांबू नका. तेलाने बेल्टचं रबर खराब होतं आणि बेल्ट तुटला की गाडी असेल तिथे बंद पडते.