मांस गेले, जाळी राहिली!

वेरूळ-अजिंठ्याला पाहुण्यांबरोबर जातो तेव्हा एखादे चौकस पोर मला हमखास विचारते, "काका, या दगडात शिंपले का नाहीत?" आमच्या छत्रपती संभाजीनगरभोवतीचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात समुद्रजीव कुठून सापडणार?

त्यासाठी नर्मदेपलीकडे, धार जिल्ह्यातल्या बाघला जावे. अजिंठ्याशी नाते सांगणारी लेण्यांतली चित्रे पाहावीत आणि मग तिथल्या चुनखडकाकडे वळावे. आपला लाव्हा वाहण्यापूर्वी तिथवर समुद्र शिरला होता. त्यातले काटेरी सी-अर्चिन आज दगड होऊन पडले आहेत. मार्टिन डंकन या इंग्रज अभ्यासकाने १८६५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

आता मौज पाहा. या प्राण्याचे कवच शिंपल्यासारखे भरीव नसते. कातडीखालच्या चुन्याच्या तबकड्यांचे ते बनलेले असते, आणि प्रत्येक तबकडी म्हणजे स्पंजासारखी बारीक जाळी. प्राणी जिवंत असताना तिच्या भोकाभोकांत मांस असते. चिवट तंतू जिथे ओवलेले असतात तिथे भोके सरळ रांगेत. स्नायू जिथे चिकटतात तिथली वीण बारीक आणि गुंतागुंतीची! अँड्र्यू स्मिथ यांनी १९८० साली या विणीचे प्रकार तपशीलवार मांडले. काट्याच्या बुडाभोवती आतले कडे तंतूंचे, बाहेरचे स्नायूंचे. एकाने काटा ताठ धरायचा, दुसऱ्याने हलवायचा. कापड विरून गेल्यावर टाक्यांच्या भोकांवरून शिवण ओळखावी, तसे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे स्नायू असे जागेवर बसवता येतात.

अर्थात जाळी सर्वच सांगत नाही. प्राण्याचा रंग कोणता, आतडी कशी, याविषयी ती मुकी असते. शिवाय झिरपत्या पाण्यातला चुना भोकांत स्फटिकासारखा भरला, की वीण ओळखणे कठीण होते. असा जीवाश्म फुटला तर आरशासारखा सपाट चमकतो.

म्हणून वाचकहो, एक विनंती. सहलीत असा दगड दिसला तर घरी आणून व्हिनेगर किंवा लिंबाने चकचकीत करू नका. आम्लात चुना विरघळतो, आणि उरलीसुरली वीण पुसली जाते. छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा आणि दगड तिथेच राहू द्या. मुलांना मात्र भिंगातून अवश्य दाखवा!