दोन स्लॅबांच्या मधला माणूस

आमच्या अंबरनाथ पश्चिमेला वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात दोन स्लॅब छळतात. एक डोक्यावरचा, सिमेंटचा. दुसरा वीजबिलातला. पहिला तापला की दुसरा चढतो. दोघांचे नाते समजून घेतले, तर थोड्या खर्चात बराच गारवा मिळतो. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

समुद्राचा वारा मुंबईला दुपारी मिळतो. आमच्यापर्यंत तो उशिरा आणि दमून पोहोचतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पण खरा त्रास सूर्य मावळल्यावर सुरू होतो. काँक्रीट म्हणजे उष्णतेचे बचत खाते. दिवसभर भरणा होतो आणि रात्री सगळी रक्कम घरात उतरते. रात्री दहा वाजता बाहेर झुळूक असते, पण छत तापलेलेच असते. पंखा हवा गार करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून बरे वाटते. छताखालची गरम हवा मात्र तोच खाली ढकलतो.

यात झोप जाते. एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी घरी येणारा कामगार भर दुपारी त्या छताखाली झोपतो, किंवा झोपायचा प्रयत्न करतो. अर्धवट झोपेवर दुसऱ्या रात्री यंत्रापुढे उभे राहणे किती धोक्याचे, हे त्याच्या घरच्यांना विचारा. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले यांना तर कामावर जाऊन सुटकाही नाही. २०१९ साली रमजान मे महिन्यात आला होता. दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्याला घरातली गार जागा कोणती, हे बरोबर कळते. ती पश्चिमेच्या भिंतीपासून आणि वरच्या स्लॅबपासून जितकी दूर, तितकी बरी.

आता बिलातला स्लॅब. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी. शंभरच्या पुढे तो चढतो, तीनशेच्या पुढे आणखी चढतो. म्हणजे वाचवलेले युनिट हे नेहमी वरच्या, महागड्या पायरीवरचे असते. साधा जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला सुमारे ३४ युनिटे खातो. हल्ली मिळणारा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात १३-१४ युनिटांत भागवतो. घरात तीन पंखे असतील, तर महिन्याला साठएक युनिटे वाचतात. भिंतीवर जुना, खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर तोही बदला. पंखा हळू केला तरी उरलेली वीज तो स्वतःच उष्णता करून उधळतो.

ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांनी आकडा १८वर नेऊन खोली लवकर गार होईल अशी आशा धरू नये. खोली त्याच वेगाने गार होते, फक्त यंत्र थांबत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाप्रमाणे एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६वर एसी आणि सोबत हळू पंखा, एवढे पुरते. नागपूरकरांचा कूलर मात्र इथे उपयोगाचा नाही. तिथली कोरडी हवा पाणी पिते. आपली हवा आधीच ओली, तिला तहान कुठली?

पण सगळ्यांत स्वस्त उपाय यंत्रात नाही, गच्चीवर आहे. पांढरा रंग ऊन परतवतो. चुन्याचा हात किंवा ऊन परतवणारा खास रंग दिला, तर खालची खोली दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. अहमदाबादने २०१७ साली वस्त्यांमधली छपरे पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ साली त्यासाठी धोरणच केले. चुना आपल्या पावसात धुऊन जातो, म्हणून तो दर फेब्रुवारीत द्यावा. घरावर पत्रा असेल तर वरून पांढरा रंग आणि खाली प्लायचे छत, मध्ये वीतभर मोकळी हवा. कोकणातल्या कौलारू घराचा माळा हेच काम करत होता.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बांबूची चीक बाहेरून लावा. काचेतून आत आलेले ऊन पडद्याला अडत नाही. ते घरात शिरलेलेच असते. दुपारी खिडक्या बंद, रात्री समोरासमोरच्या दोन उघड्या, हा नियम फुकटचा आहे.

अडचण एकच. गच्ची सोसायटीची आणि ऊन मात्र वरच्या मजल्याचे. बैठकीत हा विषय निघाला की खालचे म्हणतात, "तुमचे तुम्ही बघा." पण वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड सगळ्या इमारतीचे ऊन आपल्या डोक्यावर घेते; खालच्यांचे छत गार राहते ते त्यामुळेच. तेव्हा गळतीचे काम जसे सामाईक निधीतून होते, तसाच चुन्याचा खर्चही व्हावा. दरडोई वाटून घेतला तर तो फार होत नाही. पुढच्या बैठकीत, चहा येण्याआधी, एवढा ठराव मांडून बघा.