थीम एकदा जुळली, म्हणजे कायमची जुळली?

ऑनलाइन दुकान बिघडतं तेव्हा ते नेहमी बंद पडतंच असं नाही. पान उघडतं, साड्यांचे फोटो दिसतात, किमती बरोबर असतात. फक्त ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण दाबल्यावर काहीच होत नाही. ग्राहक दोनदा दाबून पाहतो आणि निघून जातो. तो तक्रार करत नाही, त्यामुळे दुकानदाराला कळायलाही वेळ लागतो. अशा बिघाडांच्या मुळाशी पुष्कळदा एकच कारण असतं: थीम एका काळातली आणि तिच्याखालचं सॉफ्टवेअर दुसऱ्या काळातलं.

वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवून उभं केलेलं दुकान घ्या. सगळ्यांत खाली होस्टिंगवरचं पीएचपी असतं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती), त्यावर वर्डप्रेस, त्यावर वूकॉमर्स, मग थीम आणि शेजारी पेमेंट, कुरिअर, जीएसटी बिलाचे प्लगइन. यातला प्रत्येक भाग वेगवेगळे लोक बनवतात आणि प्रत्येकाच्या नव्या आवृत्त्या आपापल्या वेळापत्रकाने येतात. या व्यवस्थेबद्दल जे समज पक्के होऊन बसले आहेत, ते दुकानदारांना महागात पडतात. म्हणून ते एकेक करून तपासू.

गैरसमज १: थीम म्हणजे नुसतं रंगरूप, व्यवहाराशी तिचा संबंध नाही.

वस्तुस्थिती: थीममध्ये रंग आणि अक्षरांच्या वळणाबरोबर चालणारा कोडही असतो. वस्तूचं पान, कार्ट, चेकआउट यांसाठी वूकॉमर्सकडे स्वतःच्या टेम्प्लेट फाइल आहेत. मात्र थीममधल्या ‘वूकॉमर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल सापडली, तर वूकॉमर्स स्वतःची बाजूला ठेवून थीमची वापरतं. पुष्कळ थीम या सोयीचा फायदा घेतात. पुढे वूकॉमर्स आपली मूळ फाइल बदलतं, थीममधली प्रत मात्र जुनीच राहते.

एप्रिल २०१७ मध्ये आलेल्या वूकॉमर्स ३.० चं उदाहरण पाहा. त्यात वस्तूच्या फोटोंची गॅलरी नव्याने लिहिली गेली. झूम, स्लायडर आणि फोटो मोठा करून पाहण्याची सोय हवी असेल, तर थीमने ‘मला हे चालतं’ अशी नोंद स्वतःच्या कोडमध्ये करणं आवश्यक झालं. ज्या थीममध्ये ती नोंद नव्हती, तिथून या सोयी गायब झाल्या. कापडाचा पोत जवळून पाहूनच जिथे खरेदी ठरते, तिथे हा बदल दिसण्यापुरता राहत नाही, तो विक्रीला लागतो.

गैरसमज २: आकडा दशांशानंतर बदलला, तर बदल किरकोळ.

वस्तुस्थिती: आकड्यांचा अर्थ प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला ठरवतं. वर्डप्रेसमध्ये ५.४ वरून ५.५ ही मोठीच आवृत्ती असते, ४.९ वरून ५.० वर जाण्याला आकड्यांच्या हिशेबात त्याहून वेगळा अर्थ नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.५ ने जेक्वेरी मायग्रेट ही जुना जावास्क्रिप्ट कोड चालवून घेणारी फाइल आपोआप जोडणं थांबवलं. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या कित्येक थीमचे मेनू, स्लायडर आणि बटणं थंडावली. अखेर ती फाइल परत जोडून देणारा वेगळा प्लगइन द्यावा लागला.

हा बिघाड ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये घडत होता, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. पीएचपीची चूक होऊन पान कोसळलं, तर मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस दुकानदाराला ईमेल पाठवतं. बटण नुसतं गप्प बसलं, तर असा ईमेल येत नाही.

प्रेस्टाशॉप या दुकानाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही १.६ वरून १.७ ही उडी आकड्यात दशांशाची होती. पण २०१६ च्या अखेरीस १.७ आली तेव्हा थीमची रचनाच बदलली होती आणि १.६ च्या थीम तिच्यावर चालत नव्हत्या. तशाच ओपनकार्ट या सॉफ्टवेअरने २०१७ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत टेम्प्लेटसाठी ट्विग ही पद्धत स्वीकारली, तेव्हा आधीच्या थीमच्या फाइल नव्याने लिहाव्या लागल्या. म्हणून आकड्यावरून अंदाज बांधू नये. त्या आवृत्तीसोबत आलेली बदलांची यादी वाचावी.

गैरसमज ३: विकत घेतलेली थीम आहे, ती चालणारच.

वस्तुस्थिती: थीम ज्या दिवशी बनली, त्या दिवशीच्या आवृत्त्यांवर ती तपासलेली असते. पुढचं सगळं लेखक तिला किती सांभाळतो यावर ठरतं. थीमफॉरेस्ट या थीमच्या ऑनलाइन बाजारात नेहमीच्या खरेदीत सहा महिन्यांचं साहाय्य मिळतं. अपडेट त्यानंतरही मोफत मिळतात, पण लेखकाने काम सोडलं तर अपडेट येणार कुठून?

‘अमुक आवृत्तीपर्यंत तपासलेली’ ही ओळही नीट वाचायला हवी. लेखकाने शेवटची चाचणी कुठल्या आवृत्तीवर केली, एवढंच ती सांगते. पुढच्या आवृत्तीवर थीम चालणार नाही असा तिचा अर्थ होत नाही आणि तुमच्या दुकानातल्या बारा प्लगइनसोबत चालेल अशी हमीही ती देत नाही. मात्र ती ओळ दोन-तीन वर्षं जुनी असेल, तर थीमकडे कोणी पाहत नाही हे ओळखावं.

गैरसमज ४: चाइल्ड थीम केली आहे, आता चिंता नाही.

वस्तुस्थिती: चाइल्ड थीम म्हणजे मूळ थीमला जोडलेली, फक्त तुमचे बदल ठेवणारी थीम. ती एक काम चोख करते. मूळ थीम अपडेट झाली तरी तुम्ही केलेले बदल पुसले जात नाहीत. पण चाइल्ड थीममध्ये उतरवून घेतलेल्या टेम्प्लेटच्या प्रती कोणीही आपोआप नव्या करत नाही. मूळ थीमचा लेखक कितीही तत्पर असला, तरी तुमच्या दुकानात तुमचीच जुनी प्रत चालत राहते.

याचा शोध घेणं मात्र सोपं आहे. वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’ पानावर अगदी खाली, थीमने बदललेल्या टेम्प्लेटची यादी असते आणि जुन्या झालेल्या फाइलपुढे तशी खूण असते. खूण दिसली म्हणजे दुकान मोडलंच असं नाही; ती फाइल नव्या मूळ फाइलशी ताडून पाहायची वेळ झाली आहे.

आणखी एक बदल ध्यानात ठेवायला हवा. नोव्हेंबर २०२३ च्या वूकॉमर्स ८.३ पासून नव्या दुकानांत कार्ट आणि चेकआउट ब्लॉक पद्धतीने, म्हणजे वर्डप्रेसच्या एडिटरमधल्या तयार तुकड्यांनी, येतात. जुन्या चेकआउटच्या टेम्प्लेटमध्ये केलेली दुरुस्ती या ब्लॉकना लागू होत नाही. तीच चाइल्ड थीम नव्या दुकानात नेली की ‘पिनकोडचा रकाना कुठे गेला’ हा प्रश्न पडतो, तो यामुळेच.

गैरसमज ५: चालतंय ना? मग अपडेट करूच नका.

वस्तुस्थिती: तुम्ही थांबलात तरी भोवतालचं जग थांबत नाही. पीएचपी ७.४ ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये संपल्या. होस्टिंग कंपनीने सर्व्हर पीएचपी ८ वर नेला की त्यात वगळलेली फंक्शन वापरणाऱ्या जुन्या थीम उघडतच नाहीत.

मॅजेंटो या दुकानाच्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीची, मॅजेंटो १ ची, गोष्ट याहून गंभीर आहे. मॅजेंटो २ नोव्हेंबर २०१५ मध्ये आलं, तरी जुन्या थीम आणि एक्स्टेन्शन त्यावर चालत नसल्याने हजारो दुकानं मॅजेंटो १ वरच राहिली. ३० जून २०२० ला त्याचा आधार संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, काही दिवसांत, सुमारे २००० मॅजेंटो दुकानांच्या चेकआउटमध्ये कार्डाची माहिती चोरणारा कोड घुसवला गेला. त्यांतली बहुतेक दुकानं मॅजेंटो १ वर होती.

आपल्याकडे नियमही बदलतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे क्रमांकाच्या जागी दिलेला सांकेतिक कोड, वापरावं लागतं. अशा बदलानंतर पेमेंटचा प्लगइन नवा घ्यावा लागतो. तो नवं वूकॉमर्स मागतो आणि नवं वूकॉमर्स जुन्या थीमवर अडतं. वर्षानुवर्षं टाळलेले अपडेट मग एकाच रात्री करावे लागतात.

गैरसमज ६: शॉपिफायवर ही भानगडच नाही.

वस्तुस्थिती: शॉपिफाय ही तयार ऑनलाइन दुकान भाड्याने देणारी सेवा आहे; तिथे सर्व्हर आणि मूळ सॉफ्टवेअर कंपनी सांभाळते, हे खरं. थीम मात्र तुमचीच असते. जून २०२१ मध्ये शॉपिफायने ‘ऑनलाइन स्टोअर २.०’ आणलं आणि जवळजवळ प्रत्येक पानावर विभाग हवे तसे मांडण्याची सोय दिली. जुन्या रचनेच्या थीमना ती आपोआप मिळाली नाही. शॉपिफाय प्लसवरच्या मोठ्या दुकानांनी चेकआउटच्या फाइलमध्ये केलेले बदल माहिती, शिपिंग आणि पेमेंटच्या पानांवर ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. तिथे तारीख कंपनी ठरवते. तयारी दुकानदारालाच करावी लागते.

गैरसमज ७: बिघडलं तर जुनी आवृत्ती परत टाकू.

वस्तुस्थिती: फाइल जुन्या करता येतात, डेटाबेस तितक्या सहज मागे येत नाही. मोठ्या अपडेटनंतर वूकॉमर्स डेटाबेसची रचनाही बदलतं. ऑक्टोबर २०२३ च्या ८.२ पासून नव्या दुकानांत ऑर्डर वर्डप्रेसच्या लेखांच्या टेबलऐवजी स्वतंत्र टेबलांत साठतात. जुन्या टेबलांत थेट डोकावणाऱ्या प्लगइनला तिथे ऑर्डर सापडत नाहीत. आणि आदल्या रात्रीचा पूर्ण बॅकअप चढवला, तर मधल्या वेळेत आलेल्या ऑर्डर पुसल्या जातात. पैसे भरलेल्या ग्राहकाची ऑर्डरच दुकानात नसणं यासारखा विश्वासघात नाही.

यावरचा उपाय शिस्तीचा आहे. दुकानाची हुबेहूब प्रत स्टेजिंगवर, म्हणजे ग्राहकांना न दिसणाऱ्या चाचणीच्या साइटवर, ठेवा आणि अपडेट आधी तिथे करून पाहा. फाइल आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या. अपडेट एका वेळी एकच करा, म्हणजे बिघाड कुठून आला ते कळेल. प्रत्येक टप्प्यानंतर मोबाइलवरून पूर्ण खरेदी करून पाहा: कूपन, पिनकोड, यूपीआय, बिलाचा ईमेल, सगळं. हापूसचा हंगाम किंवा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर सुरू झाल्या की मोठे बदल पुढे ढकला. सुरक्षा-दुरुस्त्या मात्र थांबवू नका.

घरातून मसाले, पैठण्या किंवा पुस्तकं विकणाऱ्यांनी साइट दुसऱ्याकडून करून घेतली असेल, तर त्यांनी कोड शिकायची गरज नाही. पण कुठल्या थरावर कुठली आवृत्ती आहे, थीममध्ये कोणत्या फाइल बदलल्या आहेत, थीमला शेवटचा अपडेट कधी आला आणि स्टेजिंग कुठे आहे, या चार गोष्टी करणाऱ्याकडून लिहून घ्याव्यात आणि दर तिमाहीला नव्याने तपासाव्यात. थीम जुळते की नाही, या प्रश्नाला कायमचं उत्तर नसतं. ‘आजच्या आवृत्त्यांवर जुळते’ एवढंच खात्रीने सांगता येतं, आणि तेही आज खरेदी करून पाहिली असेल तरच.