मालकाने बदललेली ओळ

बिघडलेला प्रोग्रॅम पुन्हा टाकायला फार वेळ लागत नाही. त्याची प्रत कुठूनही मिळते. सेटिंगच्या फाइलचं तसं नाही. दूरवरून लॉगिन घेणाऱ्या एसएसएच सेवेच्या फाइलमध्ये ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन’पुढचा ‘यस’ खोडून कुणीतरी ‘नो’ लिहिलेलं असतं. पासवर्डवर कुणालाही आत घ्यायचं नाही, हा यंत्राच्या मालकाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय, आणि बहुतेक वेळा त्याची नोंद त्या एका शब्दापलीकडे कुठेच नसते. अपडेटने तिथे कारखान्यातली कोरी फाइल आणून ठेवली तर सेवा नीट चालू राहते, तक्रार कुणाचीच येत नाही, आणि दार मात्र पुन्हा पासवर्डवर उघडू लागतं. म्हणूनच प्रोग्रॅमचं पॅकेज बांधणाऱ्याला या फाइलवर हात फिरवायचा अधिकार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स डिस्ट्रोने हे थेट नियमातच घातलं आहे: अपडेट होताना मालकाचे बदल टिकलेच पाहिजेत. पण बदल मालकाने केला की नव्या आवृत्तीने, हे ओळखायचं कसं? जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून ते कळत नाही. त्यासाठी डेबियनचं डीपीकेजी हे साधन पूर्वी दिलेल्या मूळ फाइलचा ‘चेकसम’, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जपून ठेवतं. डिस्कवरची फाइल त्या ठशाशी जुळली तर मालकाने तिला हात लावलेला नाही. नवी फाइल बिनदिक्कत बसते. जुळली नाही, पण पॅकेजमधली फाइल पूर्वीचीच असेल, तर मालकाची राहते. दोन्हीकडे बदल असतील तरच प्रश्न विचारला जातो, आणि नुसतं एंटर दाबलं तर मालकाचीच फाइल टिकते. मालकाने फाइल मुद्दाम काढून टाकली असेल, तर तीही आपणहून परत येत नाही. काढून टाकणं हाही निर्णयच असतो, हे इथे ओळखलं आहे.

यावर आक्षेप असा, की जुनी सेटिंग नव्या आवृत्तीला कळली नाही तर सेवा सुरूच होणार नाही. खरं आहे. पण बंद पडलेली सेवा लगेच लक्षात येते, गुपचूप उघडलेलं दार येत नाही. शिवाय नवी फाइल फेकून द्यावी लागत नाही; आरपीएम या दुसऱ्या पॅकेज-पद्धतीत ती ‘आरपीएमन्यू’ हे शेपूट लावून शेजारीच ठेवता येते. मात्र तिथे पॅकेज बांधणाऱ्याने ‘नोरिप्लेस’ हा शब्द आठवणीने लिहावा लागतो. तो राहिला तर दोन्हीकडे बदल असताना मालकाची फाइल ‘आरपीएमसेव्ह’ म्हणून बाजूला पडते आणि नवी तिच्या जागी येते. शेकडो सर्व्हरवर रात्री आपोआप अपडेट होताना उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं, हा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. त्यावर लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीची मांडणी मला सर्वांत पटते: पॅकेजची फाइल ‘यूएसआर’ फोल्डरखाली, मालकाच्या चार ओळी ‘ईटीसी’ फोल्डरखाली वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, आणि मतभेद झाला तर मालकाची ओळ वरचढ. मग पॅकेजने आपली फाइल रोज बदलली तरी हरकत नाही.