गर्भाशयमुखाचा कर्करोग : भगिनी तपासणीला का येत नाहीत?

दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही, ही आपल्या घराघरांतील रीत आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ही रीत जिवावर बेतते. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग शरीरात दीर्घकाळ टिकून राहिल्यास हा रोग उद्भवतो. पेशींतील बदलापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. या काळात स्त्रीला सहसा कोणताच त्रास होत नाही. अवेळी रक्तस्राव सुरू होतो तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो.

तपासणी मात्र अगदी साधी आहे. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पाहतात. दोष असल्यास तेथे पांढरा चट्टा दिसतो. 30 ते 65 वर्षे वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, अशा सूचना केंद्र शासनाने 2016 मध्ये दिल्या. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही तपासणी झालेली आढळली नाही!

असे का व्हावे? पहिले कारण लाज. दुसरे, बुडणारी मजुरी आणि घरातून न मिळणारी मोकळीक. तिसरे, “काही निघाले तर?” ही भीती. चौथे कारण कोणी बोलून दाखवीत नाही, ते म्हणजे चारित्र्यावरील संशय. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरे. परंतु बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो व बहुधा आपोआप जातो. त्यात कलंक कसला?

यावर उपाय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून झोपडपट्ट्यांत एक प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. त्यांनी वस्तीत जाऊन आधी माहिती दिली, मग तपासणी केली. 89 टक्के स्त्रिया तपासणीस आल्या! या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु त्याच प्रयोगातील आणखी एक आकडा विचार करायला लावणारा आहे. ज्यांच्यात दोष दिसला, त्यांपैकी सुमारे पाचातील एक स्त्री पुढील खात्रीच्या तपासणीस गेलीच नाही. वस्तीत येणे सोपे. रुग्णालयाची दुसरी खेप अवघड. वास्तविक चट्टा दिसणे म्हणजे कर्करोग नव्हे. तो आधीचा टप्पा असल्यास छोट्या उपचाराने बहुधा तेथेच थांबवता येतो.

म्हणून आपल्या महिला मंडळांनी केवळ शिबिर भरवून थांबू नये. ज्या भगिनीला पुन्हा बोलावले आहे, तिच्यासोबत कोणीतरी जावे. आणि बंधूंनो, त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा आपण काढावी, चूल व मुले सांभाळावीत. तिची दुसरी खेप चुकू नये, एवढे तरी आपल्या हाती निश्चितच आहे.