अंगणातली झाडं (लेखांक १४) : चाफ्याची फांदी

गेल्या आठवड्यात तगर झाली. आज तिच्याच कुळातला चाफा. म्हणजे देवळाच्या आवारातला, बोटभर जाड टोकांच्या फांद्यांचा, देवचाफा किंवा खुरचाफा म्हणतात तो. सोनचाफा आणि हिरवा चाफा यांची कुळं निराळी, त्यामुळे लागवडही निराळी. त्यांची पाळी पावसाळ्यात येईल.

देवळाशी याचं इतकं जमलंय, की झाड मूळचं परदेशी असं सांगितलं तर पुष्कळांना पटत नाही. त्याचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. ‘प्लुमेरिया’ हे शास्त्रीय नाव शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो त्या बेटांवर वनस्पती गोळा करत हिंडला होता. इकडे आल्यावर चाफ्याने देऊळ, दर्गा, ख्रिस्ती दफनभूमी असा कुठेच दुजाभाव केला नाही. श्रीलंकेच्या पंतप्रधानांच्या कोलंबोतल्या सरकारी निवासस्थानाचं ‘टेंपल ट्रीज’ हे नावही आवारातल्या चाफ्यांवरूनच आलं.

माहेराची चौकशी एवढ्यासाठी, की लागवडीचं सगळं गणित तिथे आहे. पावसाळ्यात भरभर वाढायचं, कोरड्या महिन्यांत पानं टाकून नुसतं उभं राहायचं, ही त्याची मूळची रीत. खोडात आणि फांद्यांत पाण्याची आणि अन्नाची बेगमी असते. त्यामुळे चाफा तहानेने सहसा मरत नाही. घरोघरी जे चाफे मरतात ते बहुतेक पाणी घालून मारलेले असतात, आणि तेही प्रेमाने.

लागवड फांदीनेच करावी. बीही धरतं कधीकधी. बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग येते, तिच्यात पंख असलेल्या चपट्या बिया असतात आणि त्या उगवतातही चांगल्या. पण त्या रोपाला आईचाच रंग येईल याची खात्री नाही, शिवाय फुलासाठी काही वर्षं थांबावं लागतं. फांदी घेताना हिरवी, कोवळी घेऊ नका. साल राखाडी झालेली, फूट-दीड फूट लांबीची, पक्की फांदी हवी. कापल्याबरोबर चीक टपटप गळू लागतो. तो कातडीला चुणचुणतो आणि डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो, तेव्हा हात लगेच धुवा आणि लहान मुलांना जरा लांब ठेवा.

आता घाई करायची नाही. पानं खुडून टाका, शेंड्याचं एखादं कोवळं पान राहिलं तरी चालेल. मग फांदी सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस नुसती ठेवून द्या. कापलेला भाग सुकून त्यावर कोरडी खपली धरली पाहिजे. ही खपली म्हणजे जमिनीतल्या बुरशीला लावलेलं दार. ओली फांदी तशीच मातीत खुपसली तर ती बुडातून कुजते. लावताना तीन-चार इंचच खोल लावा, हलू नये म्हणून काठीला बांधा, एकदा पाणी द्या आणि मग हात आवरा. माती वरून खाली पूर्ण कोरडी झाल्याशिवाय दुसरं पाणी नाही.

इथेच बहुतेकांची फसगत होते. दोन-तीन आठवड्यांत शेंड्याला हिरवे कोंब दिसतात, कधी फुलांचा तुरासुद्धा डोकावतो. फांदी रुजली असं समजून घरातले पाण्याचा मारा सुरू करतात. पण पान फुटलं म्हणजे मूळ फुटलं असं नाही. हे सगळं फांदीतल्या साठ्यावर चाललेलं असतं. उपटून कोपऱ्यात टाकलेला चाफाही असा पालवतो आणि फुलतो. मुळं धरायला दीड-दोन महिने लागतात. शंका आली तर फांदी उपटून बघू नका, मातीलगत दोन बोटांनी दाबून बघा. टणक लागली तर सगळं ठीक आहे. मऊ लागली आणि साल बोटाखाली सरकली तर खालचा भाग गेला. मग आत पांढरा, निरोगी गर दिसेपर्यंत वर-वर कापत जा आणि पुन्हा सुकवण्यापासून सुरुवात करा. वेळेवर लक्षात आलं तर फांदी वाचते.

जागा उन्हाची हवी, निदान पाच-सहा तास थेट ऊन. सावलीत झाड जगतं, उंच होतं, फुलत मात्र नाही. कोकणातल्या जांभ्या जमिनीत पाणी थांबत नाही, म्हणून तिथे चाफ्याला फारसं काही करावं लागत नाही. समुद्राचा खारा वाराही तो सोसतो. देशावरच्या काळ्या चिकण मातीत मात्र खड्ड्यात मुरूम किंवा भरड वाळू सढळ हाताने मिसळा आणि झाड जरा उंचवट्यावर लावा. कुंडीतही चाफा छान होतो, फक्त खालची भोकं बुजलेली नसावीत आणि कुंडीखाली पाणी साठवणारी ताटली नसावी.

खताचं थोडक्यात. शेणखत वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर. युरिया नको, पानं हातभर होतील आणि फुलं दिसणार नाहीत. हाडांचा चुरा चालतो.

छाटणीची हौस असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाफ्याचं फूल फांदीच्या टोकाला येतं आणि बहर संपला की त्या टोकाखालून दोन-तीन नवे फाटे फुटतात. झाडाला तो छत्रीसारखा घेर येतो तो असा. टोकं छाटली की त्या फांदीचा बहर लांबला. वेडीवाकडी किंवा मेलेली फांदी तेवढी काढा, तीही उन्हाळ्यात.

रोपवाटिकेत गेलात तर पान बघून निवड करता येते. टोकदार पानांचा, हिवाळ्यात पार बोडका होणारा तो रुब्रा. लाल, गुलाबी, पिवळे रंग बहुतेक याचेच. गोल टोकाच्या चकचकीत पानांचा, पांढऱ्या फुलांचा तो ऑब्ट्युसा. हा आपल्या दमट किनाऱ्यावर जवळजवळ बारमाही हिरवा राहतो. हल्ली सोसायट्यांच्या कुंपणाला दिसतो तो नागाच्या फण्यासारख्या पानांचा पुडिका. फुलतो भरपूर, पण वास जवळजवळ नाहीच, आणि वासाशिवायचा चाफा मला तरी लावावासा वाटत नाही. वासाचीही एक लबाडी आहे. रात्री तो वाढतो, लांब सोंडेचे पतंग मधाच्या आशेने येतात, आणि फुलात मध मुळीच नसतो.

पावसाळा सरताना पानांच्या मागे नारिंगी पूड दिसेल, बोटाला लागेल. तो तांबेरा. पानं लवकर गळतात, झाड दगावत नाही. गळलेला पाला रोज गोळा करून टाका, औषधाच्या मागे लागू नका. हिवाळ्यात झाड ठूठ दिसलं तरी पाणी वाढवू नका, जवळपास बंद करा.

पाडवा होऊन गेला आहे. सुकायला आठ-दहा दिवस आणि रुजायला दीड-दोन महिने धरले तर मृगाच्या पावसाआधी जेमतेम वेळ उरतो, आणि भर पावसात लावलेली फांदी हमखास कुजते. शेजाऱ्यांकडे फांदी मागायची असेल तर याच आठवड्यात मागा.